आजी येऊन राहिली

आई पहिल्यांदा आमच्याकडे जर्मनीला निघाली, तेव्हा अमरावतीहून तिने फोन केला आणि जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "मी येऊन राहिली वो! बॅगा भरून राहिली!" देश जितका लांब तितका आवाज मोठा, असा तिचा हिशोब आहे. फोन स्पीकरवर होता. माझी आठ वर्षांची मुलगी टेबलाखाली बसून रंगीत कागद कातरत होती, ती कात्री टाकून टाळ्या पिटत बाहेर आली. मला वाटलं, आजी येणार म्हणून खूश झाली. मीही उड्या मारायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगून टाकते. 'मी येऊन राहिली' म्हणजे 'मी येते आहे', बाकी काही नाही. आमच्याकडे माणूस जेवून राहतो, झोपून राहतो, भांडून राहतो, आणि यातलं काहीच कायमचं नसतं. पण माझी मुलगी जन्मली श्टुटगार्टला. नवरा पुण्याचा. घरात बोलतो ते मराठी इतकं नीटनेटकं की त्याला इस्त्री लागत नाही. तिच्या लेखी 'राहणे' म्हणजे मुक्काम. आजी येणार आणि राहणार, असा सरळ अर्थ तिने लावला आणि मनात ठेवून दिला. मला त्याचा पत्ता लागला थेट लिस्बनला गेल्यावर.

लिस्बनचा बेत माझा. मुलीला उन्हाळ्याची सुट्टी होती, आईला येऊन दोन आठवडे झाले होते, आणि मला तिला समुद्र दाखवायचा होता. आई चांदूर बाजारला जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. सारी नोकरी तिने फळ्यावर चंद्र काढला, खाली पृथ्वी काढली, निळ्या खडूने पाणी फुगवलं आणि पोरांना भरती-ओहोटी समजावली. स्वतः समुद्र पाहिलेला नाही! एकदा मुंबईला लग्नाला गेली होती, पण ते लग्न निघालं कल्याणला. वरात, जेवण, परत रेल्वे. नंतर कधी कुणाचं आजारपण, कधी परीक्षेची ड्यूटी. रिटायर झाली तरी समुद्र राहूनच गेला.

तेव्हा मी श्टुटगार्टच्या विमानतळावर अशी निघाले होते की जणू समुद्र मीच बांधून घेतलाय. तिथे सामान तपासणाऱ्या माणसाने आईच्या पर्समधून एक अख्खा कांदा बाहेर काढला. आमच्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. त्याने कांदा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आई त्याला शांतपणे म्हणाली, "ऊन लागू नाई म्हनून ठेवला." त्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने कांदा पर्समध्ये परत ठेवला. नवरा आपण यांच्यातले नव्हेच अशा चालीने पुढे निघून गेला होता.

पहिल्याच सकाळी आम्ही भाजीबाजारात गेलो. एका बाईच्या टोपलीत हिरव्यागार जुड्या पाहून आई किंचाळलीच, "सांबार! अवो, सांबार पाय किती ताजा हाये!" नवरा इडलीची गाडी शोधायला लागला. मुलगी म्हणाली, "कुठंय? मला भूक लागलीय." दोघांना समजवायला लागलं की बाबांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि 'पाय' म्हणजे 'पाहा'. श्टुटगार्टला आल्यापासून आईने दोनदा फसून दुसराच कुठला तरी पाला आणला होता आणि भाजी फेकायची वेळ आली होती. इथे खराखुरा सांबार! त्या बाईने टोमॅटोवर एक जुडी वरून फुकट टाकली. "आपल्यासारखीच बाई हाये," आईने तिथल्या तिथे निकाल दिला.

त्या संध्याकाळी आमच्या भाड्याच्या घराची मालकीण किल्ली नीट लागते का पाहायला वर आली. मुलगी तिला इंग्रजीत सांगत होती, "ही माझी आजी. आता ती नेहमी आमच्याकडेच राहणार आहे. तिने फोनवरच सांगितलं." मी भाजी ढवळत होते. हात तिथेच थांबला. फोनवर? मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी नवऱ्याला बाल्कनीत ओढून नेलं. तो आधी खो खो हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"तिला सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"सांग मग."

"मी? भाषा तुमची, घोळ तुमचा."

आईचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. पोरगी तर रात्री झोपताना आजीला विचारत होती की माझ्या शाळेत पालकसभेला आता तू येशील का. मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, समुद्र पाहून झाल्यावर सांगू. एवढी मजा चालली होती आणि मी मध्येच तोंड उघडून ती घालवू? माझ्याच्याने होईना.

समुद्रावर आम्ही रेल्वेने गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की गल्ली उताराला लागते आणि गल्लीच्या शेवटी एकदम निळं दिसतं. आई मध्येच थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"अय बाप्पा," ती म्हणाली. "हा तर उभा हाये!"

"काय उभा?"

"समुद्र. नकाशात तर आडवा असते."

आणि खरंच, त्या उतारावरून पाहिलं तर पाणी घरांच्या वरपर्यंत उभं दिसत होतं. मी इतक्या वेळा समुद्र पाहिला, मला कधी हे दिसलं नाही. मग आई पळायलाच लागली. गुडघे दुखतात म्हणून श्टुटगार्टला जिना चढायला कुरकुरणारी माझी आई, पाचवारी साडी खोचून, हातात धपाट्यांचा डबा घेऊन, वाळूत फताफत पाय टाकत. मुलगी तिच्यामागे. मी त्यांच्या मागे चपला गोळा करत. वाटेत तिने अमरावतीला व्हिडिओ कॉलही लावला. "जय भीम, जय भीम! हे पाहा, इकडं पाहा! नाई नाई, माहं तोंड नका पाहू, मागं पाहा!"

पाण्यात पाय घातला आणि तिने शिट्टीसारखा आवाज काढला. "हे तं फ्रिजमधलं हाये!" कांदा पर्समध्येच राहिला.

चादर कुठे अंथरायची ते आईने ठरवलं. पाण्याच्या अगदी काठाला, जिथे वाळू ओली आणि घट्ट होती. "इथं बरं. भुसभुशीत वाळू धपाट्यात जाते." मलाही ते बरोबर वाटलं. आम्ही सेमाडोहला नदीवर डबा घेऊन जायचो तेव्हा पाण्याच्या काठालाच बसायचो, पाय पाण्यात सोडून. नदी तिच्या जागी, आपण आपल्या जागी. आजूबाजूचे सगळे लोक लांब वर, कोरड्या वाळूत का बसलेत, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नाही. नवरा कॉफी आणायला गेला होता.

आम्ही तिघी किल्ला बांधण्यात दंग. अचानक माझ्या पाठीला गार काहीतरी लागलं. वळून पाहते तर चादर तरंगतेय, धपाट्यांचा डबा निघालाय अटलांटिकमध्ये, आणि नवऱ्याची एक चप्पल त्याच्या मागून. मी "अगं डबा, डबा!" करत धावले. आई जागची हलली नाही. दोन्ही हात वर करून, कमरेपर्यंत भिजलेली, ती ओरडत होती, "भरती! पोट्टे, भरती आली! हे पाय, भरती आली!"

सगळी नोकरी भरती शिकवलेली बाई भरतीच्या वाटेत डबा ठेवून बसली होती! मी हसून हसून पाण्यातच बसले. फळीवर लाटा झेलणाऱ्या एका मुलीने आमचा डबा आणून दिला. झाकण घट्ट होतं, धपाटे वाचले. चप्पल गेली ती गेली.

वर कोरड्या वाळूत येऊन आम्ही कुडकुडत धपाटे खाल्ले. तोंडात घास असतानाच मुलगी म्हणाली, "आजी, आपण दर वर्षी येऊ. आता तू इथंच राहतेस, तर सोपं आहे."

नवऱ्याने कॉफीच्या कपात तोंड घातलं. मी आईकडे झुकून हळूच म्हटलं, "आई, तिचा ना जरा घोळ झालाय..."

"मले मालूम हाये," आईही तशीच हळू म्हणाली. "आली त्याच दिवशी तिनं मले तिच्या कपाटातला कप्पा दाखोला. सारी खेळणी काढून मायासाठी रिकामा केला. आजी, हा तुझा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तीन बिऱ्हाडं केली मी, कोनी मायासाठी कप्पा रिकामा नाई केला." तिने डोळ्यांत वाळू गेल्यासारखे डोळे पुसले. मग माझ्यावरच घसरली, "पन तू तिले आपली बोली काहून नाई शिकवली?"

मी भडकले. घर, ऑफिस, पोरीची जर्मन शाळा, त्यात हे वेगळं कधी शिकवू? आई नातीकडे वळली आणि सरळ सांगून टाकलं, वर्गात सांगावं तसं. येऊन राहिली म्हणजे येते आहे. जेवून राहिली म्हणजे जेवते आहे. "अन् मी पुढच्या महिन्यात घरी जाऊन राहिली."

मुलगी उठली. पाण्याच्या काठाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. नवरा उठायला लागला, मी त्याचा हात धरला.

"इकडं ये," आईने हाक मारली.

तिने पायाने वाळू उडवली.

"येऊन राहिली का नाई?"

"मी नाही येऊन राहिली!" ती पाठमोरीच किंचाळली.

आईने मांडीवर थाप मारली. "पाय! पाय! किती बरोब्बर बोलली!" पोरगी गर्रकन वळली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण आपण काहीतरी जिंकलं हेही तिला कळलं होतं. ती पाय आपटत आली आणि आजीच्या ओल्या साडीत घुसली. नंतर तोंड बाहेर काढून तिने विचारलं, "आजी, 'जाऊ नकोस' हे तुझ्या भाषेत कसं म्हणतात?"

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या नोकरीत एकाही पोराच्या प्रश्नावर गप्प न बसलेली माझी आई, मी मदत करीन म्हणून वाट पाहत होती. मी काय मदत करणार? माझ्याही मनात तेच होतं.

"जाऊ नको," शेवटी ती म्हणाली. "तसंच म्हनतात. ते सारखंच हाये."