आक्कांची पालकाची दिंडं

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या दोन्ही अंगठ्यांची नखं बारा महिने हिरवी असायची. पालेभाजीला त्या कधी विळी लावत नसत. परात पुढ्यात घेऊन एकेक पान हाताने खुडायच्या आणि कोणी घाई केली की म्हणायच्या, "विळीनं भाजी पानी सोडती. मग दिंडं फुटत्यात." घरात सगळे त्यांना आक्का म्हणत. मी लग्न होऊन रहिमतपूरला आले तेव्हा सासूबाईंना घाबरले नाही इतकी त्या अंगठ्यांना घाबरले. मी निवडलेली भाजी आक्का काही न बोलता पुन्हा निवडायला घ्यायच्या. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिंडं म्हटली की लोकांना पुरणाचीच आठवतात. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही तळायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही. नाग म्हणजे बाईचा भाऊ, त्या दिवशी विळी चालवली तर भावाला इजा होते, असं आमच्या भागात मानतात. म्हणून वाफेवर होईल तेच घरोघर होतं. आक्का पुरणाच्या जोडीला पालकाची दिंडं करायच्या. कणकेची पातळ पोळी लाटायची, त्यावर खुडलेला पालक, भिजवलेली मूगडाळ आणि आदल्या दिवशी कुटून ठेवलेली मिरची घालायची, चारी बाजूंनी दुमडून चौकोनी घडी करायची आणि चाळणीत ठेवून वाफवायची. वरून तेलाची धार. पुरणाची दिंडं उरायची, पालकाची कधी उरली नाहीत.

आक्कांचं माहेर विट्याच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. तिकडे पालक कुठला! बांधावरचा तांदुळजा, मोड आलेली मटकी आणि वरून जोंधळ्याच्या पिठाची उकड. माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णाकाठी. आम्ही पालकात तीळ आणि खोबरं घालायचो, आणि पंचमी सोडून एरवी केली तर करंजीसारखी तळायचो. मी आल्यावर आठवड्यातच आक्कांनी विचारलं, "तुमच्याकडं कशी करत्यात गं?" मी सांगितलं. सासरच्या बायका माहेरच्या रीतीला हमखास नाकं मुरडतात, तशी तयारी ठेवूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीळ चांगला लागंल की." दोन दिवसांनी पाहते तर चाळणीत तीन परीची दिंडं. एका कडेला रहिमतपूरची, एका कडेला त्यांची, एका कडेला माझी. माहेर सोडून मला जेमतेम आठ-दहा दिवस झाले होते. मी चुलीपुढे बसून रडले आणि धुराचं निमित्त सांगितलं. आक्का म्हणाल्या, "रड, पर खात खात रड. गार झाली की चिवट हुत्यात."

आक्कांना आईवडील नव्हते. पाठचा एकच भाऊ, नामा, तो त्यांनीच कडेवर वाढवलेला. दुष्काळाच्या साली तो गावातल्या इतर पोरांबरोबर लांब मद्रासकडे गलाईच्या कामाला गेला. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. भट्टी आणि अंग जाळणारं तेजाब यांच्या संगतीतला धंदा. त्याची पत्रं वाचणं आणि उत्तरं लिहिणं माझ्याकडे होतं, कारण घरातल्या बायकांत शाळेत गेलेली मी एकटी. आक्का सांगायच्या, "लिव्ह, हितं समदी खुशाल हाय. लिव्ह, तिकडं तांदुळजा मिळतुय का?" तो उत्तर द्यायचा, मिळत नाही, इकडची भाजीच निराळी. पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास असतो. बाकीच्या बायका शाबू खायच्या, आक्का पाणीही घेत नसत.

माझी पहिली पंचमी माहेरी झाली. दुसरीला मी सासरी होते. सासूबाईंबरोबर वारुळाकडे निघताना आक्कांनी पालकाचा ढीग माझ्यापुढे ठेवला आणि बजावलं, "सावकाश खुड. आमी येईस्तवर हुतंय." बाहेर लिंबाला झोका बांधला होता आणि गल्लीतल्या मुली मला हाका मारत होत्या. मला रीत माहीत नव्हती असं म्हणण्याची सोय नाही, माझ्या माहेरीही ती होतीच. मी पाटीखाली झाकलेली विळी काढली, पाच मिनिटांत पालक चिरला, विळी धुऊन पुन्हा झाकली आणि झोक्यावर गेले. जेवताना आक्कांनी दिंड मोडलं. खुडलेल्या पानाची कड वेडीवाकडी असते, चिरलेल्याची सरळ. त्यांनी आतला पालक बोटाने जरा बाजूला केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते दिंड सगळं खाल्लं.

दहा दिवसांनी पत्र आलं. अक्षर नामाचं नव्हतं, त्याच्या कामावरच्या जोडीदाराचं होतं. तेजाबाची बरणी अंगावर फुटली, दवाखान्यात दोन दिवस होता, वाचला नाही. मी ते कसं वाचलं मला सांगता येणार नाही. बरणी फुटली त्याचा वार आणि तारीख पत्रात होती. पंचमीचा दुसरा दिवस. तेवढी ओळ मी गाळली. आक्कांनी थोड्या वेळाने विचारलंच, "कवा झालं ह्ये?" मी म्हटलं, तारीख लिहिलेली नाही.

त्यानंतर माझं अन्न कडू झालं. महिनाभराने मी आक्कांचे पाय धरले आणि विळीचं सांगून टाकलं. त्या शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जोडीदार येऊन गेला की त्येचा. चतुर्थीलाच भाजला म्हनं त्यो. तू चिरायच्या आदी. ऊठ, तोंड धू." पत्र माझ्या पेटीत होतं आणि त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. जोडीदार चुकीचं बोलला की आक्काच खोटं बोलल्या, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

नामा गेल्याच्या पुढच्या वर्षी पंचमी आली तेव्हा मी पालकाला हात लावायला तयार नव्हते. माझा भाऊ मधल्या काळात पलटणीत भरती झाला होता आणि त्याचं पत्र चार दिवस लांबलं की मी दारातून हलत नसे. आक्का उठल्या, पाटी उचलून विळी घेतली, तिच्यावर पाय ठेवला आणि सगळ्यांदेखत पालकाची जुडी चिरायला लागल्या. सासूबाई ओरडल्या, "आगं, पंचमी हाय आज! याड लागलं का काय तुला?"

"ठावं हाय, आत्याबाई," आक्का म्हणाल्या. "भाऊ हाय तिनं पाळायचं. मला कोन ऱ्हायलंय? माज्या चिरन्यानं आता कुनाचं काय व्हनार न्हाई." मग थोडा पालक परातीतून माझ्याकडे सारला. "तू खुडून घे. तुजा भाऊ लांब हाय."

तेव्हा मला कळलं. विळीने भावाला इजा होते हे आक्का अगदी खरं मानत होत्या. माझ्या हातून विळी चालली हे तर त्यांना पहिल्या घासापासून ठाऊक होतं. आणि त्यानंतर वर्षभर त्या मला रोज आधी वाढत होत्या, माझ्या बाळंतपणात माझं अंग चोळत होत्या, माझ्या भावाचं पत्र आलं का म्हणून माझ्या आधी पोस्टमनला विचारत होत्या.

मी खाली बसले आणि माझ्या भावासाठी एकेक पान खुडायला लागले. आक्का शेजारी बसून चिरत राहिल्या.