टाळूची शीळ

काकांची बदली गावाबाहेरच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर झाली आणि माझी मावशी माणसांना पारखी झाली. तिथं तीन क्वार्टर, त्यांतली दोन कुलूपबंद. काका मुळात अबोल. सासूबाई बोलक्या, पण त्या चुका दाखवण्यापुरत्या.

मावशी शिवणकाम करायची. पूर्वी घरी गिऱ्हाइकांची वर्दळ असे. इथं कापड गठ्ठ्यानं यायचं, शिवून गठ्ठ्यानं जायचं. मशीनवर बसली की ती शीळ घालायची. भावांकडून शिकली होती. गळ्यापेक्षा तिच्या शिळेत सूर जास्त.

"बाईमाणसानं शीळ कसली घालायची?" सासूबाई म्हणायच्या.

"मग रडत बसू का?" म्हणून मावशी पुढचं कडवं धरायची.

वरचा सूर सारखा फाटायला लागला, तेव्हा उपाय शोधता शोधता तिला मोबाइलवर शीळ घालणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. शनिवारी दुपारी सगळे व्हिडिओ कॉलवर जमायचे. मावशी केस विंचरून, पाठ ताठ करून बसली. एका बस ड्रायव्हरनं तिला बजावलं, "ताई, आपल्यात एकच नियम. हसायचं नाही. हसलं की ओठ फाकतात, शीळ गेलीच." पाच मिनिटांत नियम त्यानंच मोडला. त्या दिवशी मावशीला स्वयंपाकात मीठ घालायचंही भान राहिलं नाही.

पुढे एकदा नायलॉनचा दोरा दातानं तोडताना तिचा पुढचा दातच तुटला. शीळ घालायला गेली, तर नुसती फुस्स. मावशीनं कॉलवर जाणं सोडलं. मग ग्रुपमधल्या म्हाताऱ्या नर्सचा फोन आला. त्यांना सगळे सिस्टर म्हणत.

"काय हो ताई, रुसलात?"

"दात पडला, सिस्टर. शीळच गेली माझी."

"एवढंच ना? माझी तर अख्खी कवळी आहे! जीभ टाळूला टेकवा, ओठ मोकळे सोडा आणि मधून हवा काढा."

मावशी आठवडाभर घरभर फुसफुसत हिंडली. काकांना वाटलं व्हॉल्व्ह गळतोय. ते पाना घेऊन दोनदा पंपावर जाऊन आले. मग एका सकाळी कपडे वाळत घालताना अचानक सूर लागला, स्वच्छ, गोल. मावशीनं ओल्या हातानंच सिस्टरना फोन लावला. पलीकडून अशी आरोळी आली की सासूबाई बाहेर धावल्या.

पुढच्या रविवारी दारात पाचसहा माणसं उभी.

"आम्ही शीळवाले," ड्रायव्हर म्हणाला.

सासूबाईंनी त्यांची पिकलेली डोकी न्याहाळली. "या, या. मला वाटलं, टवाळ पोरं असतील!"

खुर्च्या पुरेनात, मशीनचं स्टूलही बाहेर आलं. सगळ्यांनी मिळून एक जुनं गाणं शिळेवर धरलं. ते संपल्यावर सासूबाई सिस्टरना म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात जरा उतरलात हं तुम्ही."

"बरोबर पकडलंत!" सिस्टर म्हणाल्या, आणि घर हसण्यानं भरून गेलं. काका मात्र ड्रायव्हरला घेऊन पंप दाखवायला गेले, ते चहा गार झाला तरी परतले नाहीत.

परवा मी सहज मावशीला फोन केला. दोन वाक्यं बोलली असेल, लगेच म्हणाली, "ठेवते गं. शनिवार आहे, मंडळी खोळंबलीत."