दहा मिनिटं हात मांडीवर

ब्रँडन गावातल्या आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत आवई होती, की व्हर्ना क्लिपेनस्टाइन जेवायला जाताना कॉम्प्युटरची वायर उपटून जाते. साफ खोटं. वायरीला ती शिवतही नसे. "शी, कोण हात घालील तिथे? तीन वर्षांची धूळ आहे मागे, आणि केंडलच्या चिप्सचा चुरा."

केंडल आमचा कॉम्प्युटरवाला. त्याने एक प्रोग्राम बनवला होता. विहिरींच्या पाण्याचे निकाल भरताना व्हर्ना तेवीस वर्षं जी बटणं दाबत आली, ती तो आपोआप दाबायचा. सकाळभर नीट चालायचा. जेवणाच्या सुट्टीत मात्र रोज 'बटण सापडलं नाही' म्हणून आडवा. केंडल येऊन बसला, की पुन्हा गुणी बाळ.

"माझ्यासमोर तर चालतंय," केंडल नाकातून म्हणायचा. ही नक्कल मी आता झोपेतही करते.

"समोर माझा नवराही भांडी घासतो," व्हर्ना म्हणाली.

प्रयोगशाळा माझ्या आईची. तिने बजावलं, शुक्रवारी पुन्हा बंद पडलं तर व्हर्नाने ही खुर्ची सोडून खाली नमुन्यांच्या बाटल्या धुवायच्या. त्यातल्या निम्म्यांना कुजक्या अंड्यांचा वास येतो. व्हर्नाने असं तोंड केलं, जणू एक बाटली तिला प्यायलाच दिली होती.

मी तिच्याशी पैज लावली: चूक तुमचीच निघणार.

शुक्रवारी जेवणाच्या वेळी तिने केंडललाच खुर्चीत बसवलं. "हात मांडीवर. माऊसला शिवायचं नाही."

"मग करू काय?"

"जेव. तोंड मिटून."

त्याने ट्यूना सँडविच काढलं. व्हर्नाने नाकाला रुमाल लावला. आई घड्याळ बघत उभी. दहाव्या मिनिटाला कॉम्प्युटरचा पडदा आपोआप कुलूपबंद झाला. केंडलने पासवर्ड टाकला, तर मागे तेच: 'बटण सापडलं नाही'.

माऊस दहा मिनिटं हलला नाही, की पडद्याला कुलूप लागायचं. मग प्रोग्रामला बटणं दिसायची बंद. केंडल बसल्या बसल्या माऊस चाळवायचा, म्हणून त्याच्यासमोर सगळं आलबेल.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"तुझा हात. सारखा वळवळतो, अळीसारखा. किळस येते बघून."

आई म्हणाली, "खुर्ची तुझीच, व्हर्ना."

पैजेपायी मला ऑफिसचा मायक्रोवेव्ह घासावा लागला. आत छतालाही कुणाचं तरी चीजचं सूप वाळून चिकटलं होतं. मी नाक दाबून खरवडत होते आणि व्हर्ना दारातून सांगत होती, "कोपरेही. तिथे काहीतरी केसाळ आहे."