स्टुलाला बांधलेला लाल टॅग

त्याने माझ्या स्टुलाला लाल टॅग बांधला. सगळ्यांसमोर.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. खराब मालाला लाल टॅग लागतो, तो भंगारात जातो. दुरुस्त होण्यासारखा असला तर पिवळा. तपासणीच्या टेबलावर मी हेच काम करते.

त्या दिवशी सकाळपासून अंगावरून फार जात होतं. आमच्याकडे जागा सोडायची तर दोरी ओढावी लागते. वर दिवा लागतो, लाइनभर गाणं वाजतं आणि सुपरवायझर लांबून ओरडतो, "कारण?" बायकांनी म्हणायचं, "पर्सनल." मग बदली माणूस येतो. मी दोरी ओढली, पर्सनल म्हणाले. तो म्हणाला, आत्ताच तर जाऊन आलात मावशी, टार्गेट कोण काढणार? मी बसून राहिले. शेवटी उठले तेव्हा स्टूल रक्ताने भरलं होतं. राखाडी पॅंटही.

सुपरवायझर माझ्या मुलीपेक्षा थोडाच मोठा. खिशातून टॅग काढला, स्टुलाच्या पायाला बांधला.

"मटेरियल रिजेक्ट. मावशी, पुसून घ्या आता."

पलीकडून एकजण म्हणाला, "राव, मावशीनं लाइनच बंद पाडली." हसले. सगळे नाही. पण न हसणारेही काही बोलले नाहीत.

मी खाली बसून पुसलं. वर सॉरी सर म्हणाले. टॅग लावलेलं स्टूल कोपऱ्यात गेलं. नवीन मिळालं नाही. तेव्हापासून मी उभ्याने काम करत होते.

कंपनीने ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, मुलं किती? दोन, तो म्हणाला.

"मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाकू. अंडाशयंही काढू, पुढे कटकट नको."

नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या जालन्याकडे माझ्या वयाच्या कितीतरी बायकांची पिशवी काढलेली आहे. कुणी त्याबद्दल विचारत नाही.

लाइनवर माझ्या शेजारी कमल असते. खेडजवळच्या गावातली. तिचंही ऑपरेशन झालेलं. मी घाबरलेय असं तिला वाटलं.

"काय न्हाई गं व्हत. पाळीचा तरास गेला, सुट्टी मागायचं गेलं." कनेक्टर हातात फिरवत जरा थांबली. "हाडं तेवढी लई दुखत्यात. आन् अंगाची आग व्हती. पर ते समद्यांचंच व्हत असंल."

मी विचारलं, "काय काय काढलं?"

"काय म्हंजी? पिशवी."

"अंडाशयं?"

तिने कनेक्टर खाली ठेवला. "मला कोण सांगतंय?"

तिथे मी अडकले. दोष कुठे आहे, काय आहे, दुरुस्त होईल का, हे बघून टॅगवर लिहिल्याशिवाय मी एका वायरला लाल टॅग लावत नाही. लावला तर नोकरी जाईल. आणि कमलच्या पोटातून काय गेलं हे कमललाच माहीत नाही. माझ्या पोटात काय आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? दोन बाळंतपणं झालेली बाई मी.

गुरुवारी, आमच्या सुट्टीला, पालिकेच्या दवाखान्यात गेले. एकटी. डॉक्टरबाईंना म्हणाले, आधी आत काय आहे ते सांगा.

त्या म्हणाल्या, "मूठ आवळा. ओटीपोटावर ठेवा. एवढं असतं गर्भाशय."

मग चित्रात दोन्ही बाजूंच्या नळ्या दाखवल्या. नळीच्या टोकाशी बदामाएवढं अंडाशय. महिन्याला एक बीज सुटतं. इकडे गर्भाशय आतून मऊ अस्तर तयार करतं, गर्भ राहिलाच तर त्याच्यासाठी. नाही राहिला तर अस्तर सुटतं आणि रक्ताबरोबर गर्भाशयाच्या मुखातून, योनीतून बाहेर पडतं. तीच पाळी. विटाळ नाही. शरीरातलं खराब रक्तही नाही. अंडाशयांचं काम बीजावर संपत नाही. त्यांचे स्राव रक्तात जातात, हाडं टिकवतात. पाळी जायच्या आधीच अंडाशयं काढली तर हे काम एकदम बंद पडतं. हाडं दुखतात. अंगाची आग होते.

पुढच्या तपासण्या झाल्या. गाठ लहान होती, कॅन्सर नव्हता. आधी गोळ्या, मग दुसरे उपाय, पिशवी काढणं सगळ्यात शेवटी, असं त्या म्हणाल्या. पिवळा टॅग. मला आनंद झाला नाही. राग आला.

नवरा म्हणाला, कंपनीचं हॉस्पिटल फुकट करतंय तर कशाला अडतेस? मी सांगितलं, ऑपरेशन होणार नाही. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच्या मीटिंगला सगळे रांगेत उभे होते. मी कोपऱ्यातलं स्टूल उचलून आणलं, कटरने टॅग कापला आणि सुपरवायझरच्या हातात दिला.

"सर, यावर दोष लिहिलेला नाही."

त्याने टॅग उलटून पाहिला.

"रक्त होतं ते. पाळीचं. लिहा."

तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, पोरं उभी आहेत इथं."

"असू द्या. त्यांच्यासमोरच बांधला होता."

कुणी हसलं नाही. मी स्टूल टेबलाशी नेलं आणि बसले.

त्याला काही शिक्षा झाली नाही. मला मात्र लाइनच्या टोकाला, पॅकिंगला टाकलं. तिथे उभ्यानेच काम. रक्तस्राव कमी झालाय, थांबलेला नाही. येत्या गुरुवारी कमलला घेऊन डॉक्टरबाईंकडे जाणार आहे. तिच्या पोटातून काय काय काढलं ते तिला कळलंच पाहिजे.

पॅकिंगलाही दोरी आहे. ओढली की तो ओरडायचा, "कारण?" मी लाइनभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "पाळी." आता त्याने विचारणं सोडलंय. मान खाली घालून नुसता हात हलवतो.

मी तरीही सांगते.