बुधीमावशी हाक मारत नसे

दलदलीत शिरण्याआधी बुधीमावशी प्रत्येकाचं नाव काढून घ्यायची. "हितून पुढं तू पाणकोंबडी. तुमी बगळा. नि बाई, तुमी ढोकरी." मुलांना हा खेळ वाटायचा, मोठ्यांना गंमत. माझा नवरा तसाही कुठे गेला की एका जागी उभा राहतो, त्यामुळे त्याला बगळा अगदी शोभला. मला मात्र ढोकरी म्हणजे चिखलात दबकून बसणारा मळकट पक्षी हे माहीत होतं, म्हणून मी जरा फुगले.

तानसा तलावाच्या मागच्या अंगाला, पाणी ओसरलं की लांबवर चिखल उघडा पडतो, तिथे एक लहानसं निसर्ग केंद्र आहे. मावशी तिथे वाट दाखवायची. तिचा पाडा जवळच. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळी, हातात तिच्याहून उंच बांबू. गवतात बुडालेला एक जुना बांध वळणं घेत पलीकडे जातो, त्याच्यावरूनच चालायचं. चालता चालता ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "कोन बोललं?" कोणीच बोललेलं नसायचं.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी, किन्हवलीहून एका रविवारी गेलो होतो. मी शाळेत शिक्षिका, म्हणजे हाका मारणं हा माझा धंदाच. परतताना मी भूक लागली म्हणून पुढे निघून कोरड्या जमिनीवर आले, डबा उघडला आणि वर्गात मारते तशी खणखणीत हाक दिली, "ओवी, चल लवकर, थालीपीठं गार होतायत!"

आठ वर्षांची ओवी बांधावर होती, बाप आणि मावशीच्या पुढे. बांध तिथून मोठा वळसा घेतो. ती वळली नाही. माझ्याकडे बघत सरळ निघाली आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेली.

मी धावणार तोच मावशी ओरडली, "ढोकरे, जागची हलू नको!" ती स्वतः चिखलावर पालथी पडली आणि बांबू पुढे सरकवला. "पाणकोंबडे, घाबरू नको. बांबू धर नि पोटावर झोप. झोप माझी बाय." माझी मुलगी कमरेपर्यंत गेलेली मी पाहिली आहे. त्या क्षणी मला रडूही आलं नाही. मग ती हळूहळू वर आली, एक चप्पल आत ठेवून.

मला वाटलं, आता मावशी मला फाडून खाणार. ती माझ्याजवळ बसली, पाणी प्यायली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आईनं हाक मारली ना बाई, का पोर वाट नाय बघत. आईला बघतं, नि सरळ येतं." मग बांबूवरचा चिखल पुसत म्हणाली, "माझा पन आला."

तिचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, पलीकडे खेकडे धरत होता. ती आम्ही बसलो होतो तिथेच उभी होती. "जेवाया ये, एवढाच बोलली मी. सगला पाडा उतरला चिखलात. नाय गवसला."

शिक्षिकेची खोड, मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

तिनं चिखलाकडे पाहिलं. "नाव नाय घेत मी त्याचा. घेतला तर येल ना धावत. मधी तोच चिखल हाय."

पुढची तीन वर्षं मी जात राहिले, कधी वर्ग घेऊन, कधी एकटीच. खरं सांगते, मला तिथे भीती वाटायची. दुपारी वारा पडला की मलाही कोणीतरी बोलल्यासारखं वाटे आणि मी मावशीकडे बघे. एका सर्वपित्रीला मी तिच्या घरी होते. गेलेल्या नवऱ्याला, सासूसासऱ्यांना नावानं बोलावून तिनं छपरावर घास ठेवला. मुलाचा घास मात्र पानात घेऊन निघाली, बांधाच्या वळणावळणानं चालत गेली, तोंडातून अवाक्षर न काढता ठेवून आली. "त्याला नेऊन द्यायचा. बोलवायचा नाय," म्हणाली.

यंदा श्रावणात तापानं ती गेली. पाड्यावर तिच्या नावानं घास ठेवायचा होता, त्या दिवशी मी गेले. तिची धाकटी बहीण सोमी दारात पान घेऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बुधे, ये गो, जेवून जा."

पाड्यावरचा एक म्हातारा खोकत म्हणाला, "आता पोराला पन बोलव सोमे. नायतर उपाशी राहील तो. आता कोन जाईल घास घेऊन?"

सोमीनं पान खाली ठेवलं. "त्याला नको हाक मारू कोनी," ती म्हणाली. "बुधी गेलीय ना त्याला आनायला. तिला वाट म्हायती हाय."