फणसाचा बेस

वाजवायला सुरुवात करण्याआधी तो गिटारच्या वरच्या, शिंगासारख्या टोकाला हनुवटी टेकवायचा आणि डोळे मिटायचा. समोर मंडपात कितीही कल्ला असो, लाकडातून सूर थेट हाडात येतो, असं त्याचं म्हणणं. तारा जुळल्या की मान वर करून माझ्याकडे, म्हणजे ड्रमवाल्याकडे, बघायचा आणि म्हणायचा, "आज येल आयकू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे नुसती काठी वर करून उत्तर द्यायचो.

काय ऐकू येईल? तर त्याचा बेस. चार जाड तारांची ती गिटार, गाण्याच्या तळाशी वाजणारी. ती असते तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि रत्नागिरीत तर मुळीच नसतं. आपल्याकडे लोकांना गायक दिसतो, त्याचा चमचमता शर्ट दिसतो, फार तर ड्रम बडवणारा दिसतो. बाजूला उभा असलेला हा पूर्णगडचा माणूस, दिवसा मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी करणारा, लोकांना मंडळाचा कार्यकर्ता वाटायचा. एकदा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी गाणं चालू असताना त्याच्याकडे पाण्याची बाटली मागितली. त्याने वाजवता वाजवता पायाने बाटली पुढे सरकवली.

आमचा बँड खरं तर तिघांचा. गायक गाता गाता कीबोर्डही वाजवायचा, हा बेसवर आणि मी ड्रमवर. बाकी गिटारवाले आले नि गेले, त्यांची नावंही मला आठवत नाहीत. दिवसा माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. आम्हाला रॉक वाजवायचं होतं, गावाला सिनेमाची गाणी हवी होती. त्यामुळे चार गाणी त्यांची आणि एक आमचं, असा हिशेब वर्षानुवर्षं चालला. आमच्या गाण्याच्या वेळी लोक भजी आणायला उठायचे.

त्याचा पहिला बेस म्हणजे साधी सहा तारांची गिटार. दोन तारा काढून टाकल्या आणि उरलेल्या चारांच्या जागी मुंबईहून मागवलेल्या जाड तारा ओढल्या. ताण त्या बिचारीला सोसला नाही. गुहागरच्या एका कार्यक्रमात ऐन अंतऱ्यात तिचं पोट फाटलं आणि तारा त्याच्या छातीवर लोंबकळू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

मग त्याने मुंबईहून एका वादकाचा जुना लाल बेस आणला. तो इतका जड, की कार्यक्रम संपेपर्यंत याचा डावा खांदा खाली आलेला असायचा. आपल्याकडची खारी हवा तारांना महिन्याभरात गंज आणते आणि आवाज मरतो. नव्या तारा दर वेळी कुठून आणायच्या? हा त्या काढून पातेल्यात उकळायचा. उकळल्या की मळ सुटतो आणि आणखी चार दिवस तार बोलते. मी एकदा त्याच्या घरी गेलो तर वहिनी चुलीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"भावोजी, आज तुमच्या मित्रानं तारांची पेज केलीय. बसताय काय जेवाया?"

"तू हास," तो म्हणाला. "गुरुवारी बघ कशा वाजतील."

आणि खरंच, त्या गुरुवारीच काय, प्रत्येक कार्यक्रमाला वहिनी मंडपात शेवटच्या रांगेत बसून असायच्या. गाण्याशी त्यांना फारसं घेणंदेणं नव्हतं. त्या फक्त त्याचा बेस ऐकायला यायच्या, आणि गर्दीतून तेवढाच ऐकायची सवय त्यांनी कानाला लावून घेतली होती.

लाल बेस घरी पडून राहिला तो गायकाच्या एका वाक्यामुळे. कार्यक्रमात माइकवर, हसत हसत, गायक म्हणाला, "माझा डावा हात कीबोर्डवर असताना ह्याची गरजच काय? पण आपण मित्र आहोत, ठेवलाय." लोक हसले. तोही हसला. पुढच्या गणपतीत तो पाच तारांचा बेस घेऊन आला. पाचवी तार इतकी खालची, की कीबोर्डवाल्या डाव्या हाताने हात टेकावेत. "आता त्याच्या खाली जातंय," तो मला म्हणाला.

गेला खाली. मंडपाचे पत्रे थरथरले, साउंडवाला धावत आला आणि त्याने बेसचं बटण पार शून्यावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच्या स्पीकरमधून काही म्हणता काही येत नव्हतं. तो मात्र मान डोलवत वाजवत होता. नंतर सामान आवरताना मी विचारलं, "कळलं नाही का तुला?"

"कळला की."

"मग थांबलास का नाही?"

"तू वाजवत व्हतास ना. तुला एकट्याला कसा टाकू?"

असा माणूस होता. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो. लोक दवाखाने बदलतात तसे हा बेस बदलत राहिला. दर वेळी दुखणं बाहेरच्यांचं असायचं आणि औषध हा घ्यायचा.

मग फणसाचं डोक्यात आलं. आमचं स्वतःचं गाणं कोल्हापूरला जाऊन रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. गायकाने तारीख घेतली होती. याला वाटलं, आयुष्यात एकदाच रेकॉर्ड होणार, तर ते आपल्याच लाकडावर व्हावं. "मृदंग फणसाचा चालतो, तर बेस का नाय चालायचा?" पालीला एक सुतार होता, दारं-खिडक्या करणारा, पूर्वी होड्यांवरही काम केलेला. जुन्या लाल बेसची मापं घेऊन त्याने पिवळ्याधमक फणसाचा बेस घडवला. मी सांगतो, त्याच्यासारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. जाड, गोड, आणि सुरावर येताना थोडा खालून वर सरकत येणारा.

पण करायला गेलो गणपती, झाला मारुती. सुताराने प्रेमाने, न विचारता, लाकूड किडू नये म्हणून सगळ्या बेसला, मानेलासुद्धा, काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं होतं. होडीला लावतात तेच, कातडी भाजणारं. सुताराचे हात त्या तेलाला सरावलेले. याने नवा बेस मिळाल्याच्या आनंदात दिवसभर वाजवला आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची बोटं फोडांनी भरली. वहिनी आमसुलाचं पाणी लावत राहिल्या. तारीख तोंडावर आलेली. गायक म्हणाला, पाच तारांचा आण नाहीतर राहू दे. याने ऐकलं नाही. बेसची मान घासून पुसून साफ केली आणि आंबा घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत हात ओल्या रुमालात गुंडाळून बसला.

तिथे तो जे वाजवून गेला ते मी काचेपलीकडे उभा राहून ऐकलं. प्रत्येक सुराला त्याचा ओठ दाताखाली जात होता. अंतऱ्याच्या शेवटी आम्ही दोघांनी एक मात्रा मोकळी सोडायची ठरवली होती. ड्रम नाही, बेस नाही, नुसता गायकाचा श्वास. त्या मात्रेला त्याने माझ्याकडे बघितलं. इतकं चांगलं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं.

गाणं महिन्याभराने आलं आणि, काय सांगू, गाजलं. लग्नाच्या व्हिडिओत, शाळांच्या गॅदरिंगला, मच्छीबाजारातल्या पोरांच्या फोनवर. आणि लोक पहिल्यांदा त्याच्याकडे येऊन म्हणू लागले, "काय बेस वाजवलायस रे. छातीत घुमतो." कारखान्यातल्या लोकांनी त्याला हार घातला.

गाणं आलं त्या संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला होता. कानाला लावायचे मोठे हेडफोन मागितले, काउंटरपाशी स्टुलावर बसून गाणं ऐकलं. पुन्हा लावलं. मग हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. अंतऱ्याच्या शेवटी ती मोकळी मात्रा मोकळी नव्हती. तिच्यात बेस होता. सफाईदार, घोटीव, कुठेही न सरकणारा. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत संगणकावर बसवलेला.

मी दुकान तसंच टाकून गायकाकडे गेलो. हाही मागोमाग आला. गायक जराही गडबडला नाही. "अरे, त्याचा हात सुजला होता. रेकॉर्डिंगवाला म्हणाला सेफ करून घेऊ. नाव त्याचंच ठेवलंय ना? आणि कोणाला कळतंय?" वर मला म्हणाला, "तुझे ड्रम मात्र तसेच ठेवलेत हां." जणू मी पेढे वाटायचे. मी नको ते बोललो, आणि त्यातला एकही शब्द मला आज परत घ्यायचा नाही. याने माझा दंड धरला आणि बाहेर आणलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "लोकांना आवाडलाय."

मला वाटलं होतं, आता हा सोडेल. पण ज्या कामासाठी गायकाने त्याला पुन्हा बोलावलं ते ऐका. कार्यक्रमात लोकांना रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं गाणं हवं होतं. म्हणजे त्या यंत्राने वाजवलेलं याने हुबेहूब वाजवायचं. आणि हा तयार झाला. त्यासाठी त्याने शेवटचा बेस घेतला, काळा, कारखान्यात बनलेला, सुराला एकदम टोक असणारा. फणसाचा कपाटाच्या वर गेला. महिनाभर घरी बसून तो यंत्राची नक्कल शिकला. खालून सरकत येणं मोडलं. अंतऱ्याच्या शेवटची मात्रा भरायला शिकला. मी तिथे हात थांबवायचो आणि तो वाजवत पुढे जायचा. त्या क्षणी तो माझ्याकडे बघायचा नाही.

लोक येऊन म्हणायचे, "अगदी रेकॉर्डसारखं." तो म्हणायचा, "हां, मीच ना वाजवलेला." मी शेजारी उभा असायचो. एकदा मी बोलायला तोंड उघडलं तर त्याने नुसती मान हलवली. इतक्या वर्षांनी त्याला कोणीतरी ऐकत होतं आणि ते हातचं जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण गायकाला मी माफ केलेलं नाही, आणि या गावालाही नाही.

गेल्या वर्षी कारखान्यातून घरी येताना तो वाटेतच गेला. हृदयविकार. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

गायकाने शोकसभा घेतली. सभागृह भरलं होतं. तो जिवंत असता तर एवढी माणसं बघून त्यालाच कोणीतरी खुर्च्या लावायला सांगितलं असतं. भाषणं झाली. मग गायक माइकवर आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आज आपण दोन मिनिटं शांत उभं राहणार नाही. आज आपण त्याला ऐकणार आहोत. गाण्याकडे लक्ष देऊ नका. फक्त बेस ऐका. हा त्याचा हात."

रेकॉर्ड लागली. सगळे उभे राहिले. काही जणांनी डोळे मिटले, पुढची दोन पोरं रडत होती. मी मागे वहिनींच्या शेजारी उभा होतो. मला वाटत होतं, त्यांना काही ठाऊक नसावं. त्याने घरी सांगितलं नसणार, मीही सांगितलं नव्हतं.

पहिलं कडवं होईपर्यंत त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, ह्यो हात ह्यांचा नाय."

आणि पदर सावरून, एवढ्या उभ्या माणसांत, त्या एकट्या खाली बसल्या. मीही बसलो.