दोन दिवसांची रजा

हजेरीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात आता कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून लोकांच्या हजेऱ्या आणि रजा मांडल्या, तर दुसरं नाव काय पडणार? कारखाना पाकिटं भरणाऱ्या यंत्रांचा, माणसं एकशे चाळीस, आणि प्रत्येकाचं जाड पुठ्ठ्याचं एकेक रजेचं कार्ड ताईंच्या लाकडी पेटीत. कॉम्प्युटर आला, जुना झाला, दुसरा आला, तरी पेटी जागची हलली नाही. "विजेलाच एक दिवस रजा घ्यायची लहर आली तर?" असं म्हणून त्या आपल्याच विनोदावर हसायच्या.

पेटीतलं अगदी शेवटचं कार्ड होतं तिकडच्या मिस्त्रीचं. तिकडच्या म्हणजे परदेशातल्या. दोन वर्षांपूर्वी कारखान्याची अकरा यंत्रं समुद्रापार विकली गेली, तेव्हा ती सांभाळायला धाकट्या साहेबांनी फोनवरूनच तिथला एक मिस्त्री ठरवला. ताईंनी तेव्हाच चौकशी करून कागद जमवले होते. परक्या देशात माणूस नेमायचा, तर तिथल्या कायद्याने नेमावा लागतो. आपली तिथे नोंदणी हवी. नसेल तर तिथलीच एखादी एजन्सी गाठायची, ती माणूस आपल्या पटावर घेते, पगारातून विमा आणि कर भरते. साहेबांनी कागद उलटेपालटेसुद्धा केले नाहीत. "अहो ताई, कशाला एवढा खटाटोप? कंत्राटदार लिहा. महिन्याला बिल पाठवेल तो. सुंठीवाचून खोकला गेला."

ताई मूग गिळून बसल्या. पण कंत्राटदार म्हणे! रोज सकाळी आठला त्याने फोन करायचा, कुठल्या यंत्राकडे जायचं ते साहेब सांगणार, आणि सुट्टी हवी तर आधी परवानगी काढायची. कंत्राटदार कधी रजा मागतो का हो? हा मागायचा. ताईंचा खाक्या साधा होता: जो रजा मागतो, त्याचं कार्ड असलंच पाहिजे. म्हणून त्यांनी त्याचंही केलं. दर शनिवारी कार्डांचा गठ्ठा साहेबांपुढे जायचा, आणि साहेब वरचं नाव न बघता 'मंजूर', 'नामंजूर' लिहून खाली सही ठोकायचे.

आणि आज ते 'कंत्राटदार' लिहिणं अंगाशी आलं होतं. अकरा दिवसांपूर्वी मिस्त्रीचा उजवा हात यंत्रात सापडला. एक ऑपरेशन झालं. दुसरं या आठवड्यात झालं तर तीन बोटं वाचणार होती, पण कामावरच्या अपघाताचा विमा फक्त नोकरांना मिळतो, आणि कागदोपत्री हा कुणाचाच नोकर नव्हता. तिथल्या कामगार कार्यालयाने विचारलं होतं, हा माणूस तुमचा आहे की नाही? हजेरी-रजेचे कागद जी व्यक्ती सांभाळते, तिच्या सहीने कळवा. मुदत आज पाच वाजेपर्यंत.

साडेतीनला धाकटे साहेब स्वतः टेबलाशी आले. हातात टाइप केलेलं उत्तर. 'सदर व्यक्ती आमच्या हजेरीपटावर कधीही नव्हती. तिच्या रजेची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही.'

"इथे सही करा, ताई."

ताईंनी दोनदा वाचलं. "साहेब, नोंद आहे."

"काय?"

"त्याचं कार्ड आहे माझ्याकडे."

साहेबांचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "तुम्हाला सांगितलं होतं कुणी? नको तिथे शहाणपण! फाडून टाका ते. ताई, दोन वर्षांचा विमा, कर, वर दंड, सगळं आपल्या डोक्यावर बसेल. इथल्या माणसांचं काय करू मग मी? आणि तुमचे राहिलेत किती? पाच महिने ना? सुखाने घरी जा की." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाबांनी तुम्हाला कोणत्या वेळी उभं केलं होतं, ते तरी आठवा."

वर्मावर बोट ठेवलं मेल्याने! नवरा गेला तेव्हा ताईंच्या पदरात चार वर्षांची मुलगी होती आणि हातात एकही डिग्री नव्हती. थोरल्या साहेबांनी काही न विचारता हे टेबल दिलं. त्यांचं मीठ खाल्लं होतं. हाच धाकटा तेव्हा शाळेतून येऊन याच पेटीवर बसून पेन्सिली कुरतडायचा.

"शोधते," एवढंच त्या म्हणाल्या. साहेब केबिनकडे गेले. मधल्या काचेतून त्यांचं सगळं लक्ष इकडेच.

ताईंनी कार्ड काढलं. शेवटची ओळ त्यांना पाठ होती, तरी बोट ठेवून वाचली. 'सलग एकोणीस दिवस काम. थकवा. दोन दिवसांची रजा हवी.' पुढे साहेबांच्या हातचं: 'नामंजूर. आधी काम, मग सुट्टी.' सही, तारीख. दुसऱ्याच दिवशी हात सापडला होता.

आणि तो नकार त्याला फोनवर कळवला कुणी? ताईंनीच. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण दोन वर्षांत मेळ बसला होता. "दोन दिवस कळ काढा," असं त्या म्हणाल्या होत्या. "बरं, मॅडम," म्हणाला होता तो. काय घाई होती मला, एकदा साहेबांशी भांडले असते तर काय आकाश कोसळलं असतं? ताईंना स्वतःची भयंकर चीड आली. दोन वर्षांपूर्वी गप्प बसले, त्याची रजा नाकारली तेव्हाही गप्प बसले, आणि आता सहीसुद्धा करू?

घड्याळात चार चाळीस. काचेपलीकडे साहेब उठून उभे राहिले होते. ताईंनी कार्ड स्कॅनरवर ठेवलं. पुढची बाजू, मागची बाजू. खाली चार ओळी लिहिल्या: हा माणूस आमचा आहे, त्याची रजा आम्ही देतो आणि आम्हीच अडवतो, हे कार्ड मी सांभाळते. आणि ज्या नावाने आता कुणी हाक मारत नव्हतं, ते पूर्ण नाव लिहून सही केली. पाचला सहा मिनिटं कमी असताना पत्र गेलं.

मग त्या स्वतः केबिनमध्ये गेल्या. पाठीमागून वार करायची त्यांची रीत नव्हती. "पाठवलं, साहेब. कार्डासकट."

"उद्यापासून येऊ नका."

ताईंचं तोंड कसलं गप्प बसतंय! "बरं. तेवढं लेखी द्या. सहीनिशी."

साहेबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ताई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आल्या. कुणी अडवलं नाही.

कामगार कार्यालयाने मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून नोकर धरलं. नोंदणी झाली, विम्याने ऑपरेशनचा खर्च उचलला, दंडही बसला. साहेबांच्या वकिलाचे फोन सुरू झाले. ताई रोज जीव मुठीत धरून एकाच निरोपाची वाट बघत होत्या. नवव्या दिवशी तो आला, डाव्या हाताने टाइप केलेला, अक्षरं मागेपुढे झालेली.

'मॅडम, ऑपरेशन झालं. दोन बोटं हलतात, तिसऱ्याचं बघू म्हणतात. सहा आठवड्यांची रजा हवी आहे. मागच्या वेळी मी अर्ज फार उशिरा केला, माझीच चूक झाली. म्हणून या वेळी लवकर करतो आहे.'

"अरे बाबा, तुझी कसली रे चूक!" ताई भर ऑफिसात मोठ्यांदा बोलल्या आणि त्यांना रडू कोसळलं. टाइप करणारे सगळे हात थांबले. पदराने डोळे पुसून त्यांनी पेटी उघडली, शेवटचं कार्ड काढलं, नवी ओळ भरली, आणि शनिवारची वाट न बघता, दार न वाजवता, त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.